लिलावात निघालेला अर्धवट वॉटर पार्क: बोली लावावी का, आणि कितीची?

उदगीरवाला

लातूर जिल्ह्यात राज्यमार्गापासून दीड किलोमीटर आत एक वॉटर पार्क-कम-रिसॉर्ट बँकेच्या ई-लिलावात निघालाय. ही तिसरी वेळ. आधी दोनदा कोणी बोलीच लावली नाही, म्हणून राखीव किंमत खाली आली आहे.

जागा ९ एकर २० गुंठे, दोन गटांत. पहिल्या गटातले ४ एकर एनए (बिगरशेती), बाकी सातबाऱ्यावर शेतीच. वेव्ह पूलचं आरसीसी झालंय, पाण्याचा पृष्ठभाग अंदाजे ७०० चौरस मीटर. सहा एफआरपी (फायबरच्या) स्लाइड उभ्या आहेत, टॉवर १२ मीटरचा. लेझी रिव्हर (संथ वाहत्या पाण्याचा कालवा) अर्धी खोदून सोडली आहे, १४ खोल्या स्लॅबपर्यंत आल्यात, बँक्वेट हॉलचा नुसता पाया. प्लांट रूम रिकामी. डीपीवर ट्रान्सफॉर्मर नाही. काम थांबून चार पावसाळे गेले, पार्क एक दिवसही चाललेला नाही. नोटिशीत ‘जसे आहे, जेथे आहे’ असं लिहिलंय.

आम्ही दोघं भागीदार आहोत, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था) काढून घ्यायचा विचार आहे. आधी काय तपासायचं? पूल आणि स्लाइड वापरात येतील का? बोलीचा आकडा कसा काढतात? लिलावाला १२ दिवस उरलेत.

सातबारा_वाचक

आधी कागद. स्लाइड कुठं पळून जात नाहीत.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात जड गोष्ट म्हणजे साडेपाच एकर शेतीची नोंद. थकीत कर्जाचं तारण बँक ज्याखाली विकते त्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे शेतजमिनीवरच्या तारणाला तो कायदा लागू होत नाही. नोंद शेतीची आणि वापर पार्कचा असेल तर न्यायालय प्रत्यक्ष वापरही बघतं, पण कर्जदाराला वाद घालायला तेवढी फट पुरते. लेझी रिव्हर आणि खोल्या नक्की कोणत्या गटात येतात हे मोजणी नकाशावर बसवून बघा. बांधकाम शेतीच्या गटात गेलेलं असेल तर ते विनापरवाना. ते नियमित करून घेण्याचा खर्च आणि दंड तुमच्या माथी.

दुसरं, एलएलपी शेतकरी नसते. मराठवाड्यात अजून हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५० लागतो, आणि बिगरशेतकऱ्याच्या नावे शेतजमीन सरळ होत नाही. त्यामुळे शेतीच्या तुकड्याचं हस्तांतरण कोणाच्या नावे आणि कोणत्या परवानगीने, हे बोलीआधी वकिलाकडून लेखी घ्या.

तिसरं, दोन्ही गटांचा भोगवटादार वर्ग बघा. वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल तर तहसीलमधून मूळ आदेशाची नक्कल काढा. कुळाची, इनामाची, सीलिंगमध्ये वाटलेली की गायरानाची, यावर पुढचा सगळा मार्ग आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) ठरतो. आपल्याकडं फक्त संगणकीकृत सातबारा बघून भागत नाही. १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदीचं जुनं पत्रक) आणि जुनी पाहणी पत्रकं काढा, तिथून आजपर्यंतचे सगळे फेरफार क्रमाने लावा. खासऱ्यात ‘खिदमतमाश’ (सेवेपोटी दिलेली इनाम जमीन) किंवा देवस्थानाची नोंद सापडली तर तिथंच थांबा. अशी जमीन चार हात फिरून, एनए होऊनसुद्धा परत वादात येते.

एनए आदेश पूर्ण वाचा. वापर कोणता मंजूर आहे आणि किती दिवसांत सुरू करायचा होता? बहुतेक आदेशांत एक वर्षाची अट असते. पार्क कधी चाललाच नाही म्हणता, तेव्हा हा मुद्दा निघणारच. मंजूर नकाशाची मुदतही संपली असेल, नव्याने मंजुरी घ्यायची तर रस्त्याची रुंदी आजच्या नियमाने मोजतील. दीड किलोमीटरचा आतला रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या बांधावरून वहिवाट आहे? तहसीलदार शेतीसाठी रस्ता देतात, बसगाड्यांसाठी नाही.

लिलावाची प्रक्रिया थोडक्यात: बोली मंजूर झाली की २५ टक्के त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायचे (अनामत त्यात धरतात). उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पुढं नाही. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जप्ती योग्य ठरवली आहे. बंद प्रकल्पावर दुसरी बँक १५ दिवसांत कर्ज मंजूर करेल अशा भरवशावर बोली लावू नका.

बँकेकडे प्रत्यक्ष ताबा आहे की नुसता प्रतीकात्मक (कागदोपत्री), हे लेखी विचारा. प्रतीकात्मक असेल तर कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून ताबा यायला किती महिने लागतील याची हमी कोणी देत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) कर्जदाराचा बँकेच्या कारवाईविरुद्ध कलम १७ चा अर्ज पडलाय का, तेही बघा.

फिल्टररूम

जागेवरच्या वस्तूंचं सांगतो.

हे प्रकल्प एकाच पद्धतीने अडकतात. फोटोत आणि माहितीपत्रकात स्लाइड दिसते, म्हणून पुरवठादाराला आगाऊ रक्कम देऊन स्लाइड आधी उभ्या करतात. फिल्टर, पंप, बॅलन्स टँक, क्लोरीन डोसिंग, पॅनेल कोणाला दिसत नाही, ते शेवटी ठेवतात, आणि तोवर पैसा संपतो. आधी कळस, मग पाया. तुमची रिकामी प्लांट रूम तेच सांगते. म्हणजे पार्क ८० टक्के झालाय असं कोणी सांगितलं तर मानू नका. चालवण्याच्या हिशोबाने तो निम्म्यापर्यंतही आलेला नाही.

वेव्ह पूल: ७०० चौरस मीटर, सरासरी खोली ०.९ मीटर धरली तर ६३० घनमीटर पाणी. ते दर दोन तासांनी एकदा फिल्टरमधून फिरायला हवं, म्हणजे तासाला ३१५ घनमीटर. सँड फिल्टरमधून ताशी ३० मीटर वेगाने पाणी न्यायचं म्हटलं तर साडेदहा चौरस मीटर गाळणक्षेत्र लागतं. १४०० मिलिमीटर व्यासाचा एक फिल्टर १.५४ चौरस मीटर देतो, म्हणजे सात फिल्टर, फक्त वेव्ह पूलला. प्लांट रूममध्ये ते मावतात का मोजा. वाळू बदलायला माणूस वर उभा राहील एवढी उंची हवी. लहान मुलांच्या पूलचं पाणी अर्ध्या ते एका तासात फिरायला लागतं, स्लाइड उतरतात त्या पूलचं एका तासात. बऱ्याच ठिकाणी सगळ्या पूलांना एकच लाइन टाकलेली असते. मुलांच्या पूलमध्ये घाण झाली की सगळा पार्क बंद. लाइन वेगळ्या आहेत का, हे भिंतीतल्या पाइपच्या तोंडांवरून कळतं.

आरसीसी: चार पावसाळे रिकामा पडलेला पूल काळ्या मातीत धोक्याचा. भोवतीची माती भिजून फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतीला ढकलते. पावसाळ्यात खालून पाण्याचा दाब येतो आणि रिकामा तळ उचलला जातो. खोल टोकाकडच्या तळाला मध्ये फुगवटा आहे का, आडवी भेग आहे का, बांधकाम थांबवून पुन्हा सुरू केलेल्या सांध्यावर पांढरे ओघळ आहेत का, बघा. बँक परवानगी देत असेल तर टँकरने निदान खोल भाग भरा, पायरीवर एक बादली त्याच पातळीपर्यंत भरून ठेवा आणि ७२ तास थांबा. बादलीत जेवढं उतरलं ते बाष्पीभवन, पूलमध्ये त्याहून जास्त उतरलं ती गळती. भरायची परवानगी नसेल तर काँक्रीटचा कोअर (नळीसारखा नमुना) काढून तपासणी आणि सळईच्या गंजाची चाचणी करून घ्या. वेव्हच्या मागच्या हवेच्या खोल्यांत वाकून बघायला विसरू नका. तिथं सेंट्रिंगच्या फळ्यासुद्धा तशाच असतात.

स्लाइड: उन्हाने जेलकोट खडूसारखा होतो. बोट फिरवा, पांढरी भुकटी आली तर वरचा थर गेलाय. तो घासून पुन्हा मारता येतो. पण खालचे काचेचे तंतू दिसत असतील, किंवा रुपयाच्या नाण्याने ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी भदभद येत असेल तर थर सुटलेत, तो तुकडा बाद. दोन तुकड्यांच्या सांध्याचं सीलंट चार उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतंच, ते सगळं काढून नव्याने भरावं लागतं. सांध्यावर नख अडकेल एवढी पायरी राहिली तर पाठ सोलली जाते. बोल्ट जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले) असतील तर सरसकट बदला, स्टेनलेस ३१६ घ्या. क्लोरीनच्या पाण्यात ३०४ ला डाग पडतात.

टॉवरचं खरं दुखणं खाली असतं. खांबाच्या बेसप्लेटजवळ माती आणि पालापाचोळा साचून तिथं गंज आतून खातो. अल्ट्रासॉनिक मीटरने जाडी मोजून मूळ ड्रॉइंगशी ताडा. ड्रॉइंग नसेल तर स्थापत्य अभियंता भार धरून प्रमाणपत्र देणार नाही, आणि ते नसेल तर परवान्याचं काम पुढं सरकत नाही. स्लाइड बनवणाऱ्याने पैसे थकल्यामुळे ड्रॉइंगचे कागद अडवून ठेवलेले असणं नेहमीचंच. त्याच्याशी आधी बोला. तो येऊन तपासायला तयार नसेल तर स्लाइडची किंमत भंगाराची धरा.

नाथसागर_काठ

रंग मारून सीझन काढता येतो की. नवीन स्लाइडपेक्षा दुरुस्ती कधीही स्वस्त.

फिल्टररूम

रंग मारून नाही. ऑइल पेंट पाण्याने सुटतो आणि घसरणारा माणूस मध्येच अडकतो, मागचा त्याच्यावर येतो. जेलकोटच लागतो, तोही तुकडे घासून, वाळवून. पाण्याचा प्रवाहही ड्रॉइंगप्रमाणेच पाहिजे. १२ मीटरच्या टॉवरवर ताशी १५० घनमीटर पाणी न्यायला साधारण १५ एचपीचा पंप लागतो. पैसे वाचवायला १० चा बसवला की शरीर मध्येच थांबतं. अपघात बहुतेक इथं आणि खाली पूलची खोली कमी भरल्याने होतात.

पाणलोट

तिन्ही उत्तरांत मूळ प्रश्न राहिला: पाणी कुठून आणणार?

आकडा मांडून बघा. सगळे पूल मिळून १८०० चौरस मीटर पृष्ठभाग धरला तर पहिल्यांदा भरायला साधारण १६ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे १६० टँकर. मे महिन्यात आपल्याकडं दिवसाला १० मिलिमीटर सहज उडतं, ते १८ हजार लिटर. फिल्टर उलटे धुण्यात (बॅकवॉश) ३० हजार. ८०० माणसं आली तर शॉवर आणि शौचालयाला माणशी ४५ लिटरने ३६ हजार. शिंतोड्यांत उडालेलं, अंगावर गेलेलं, स्वयंपाक, झाडं धरून गर्दीच्या दिवशी रोज लाखभर लिटर. १०० टक्के पुनर्वापर म्हणून जाहिरात करणारे बाष्पीभवन आणि बॅकवॉश धरतच नाहीत.

अडचण अशी की वॉटर पार्कचा सीझन आणि बोअर आटण्याचा सीझन एकच. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींत असतं, ऑक्टोबरात दोन इंची मारणारी बोअर एप्रिलमध्ये तासाभरात फुसफुसते. विक्रीवाले दिवाळीच्या सुमाराला मोटार चालू करून दाखवतात. चाचणी एप्रिल-मेमध्येच, सलग आठ-दहा तास, ड्रम किती सेकंदांत भरतो ते दर तासाला लिहून. आता तो महिना नसेल तर आजूबाजूच्या चार शेतकऱ्यांना विचारा, उन्हाळ्यात त्यांच्या बोअरला किती वेळ पाणी असतं. खरी माहिती तिथंच मिळते.

आणखी खोल मारू म्हणाल तर महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ प्रमाणे अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंदी आहे, आणि गावच्या नळयोजनेची विहीर ५०० मीटरच्या आत असेल तर तुमच्या उपशावर बंधन येऊ शकतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात गावाचा पाणलोट क्रमांक देऊन विचारा.

दुष्काळी वर्ष वेगळं धरा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला लावले. अशा वर्षी टँकरचं पाणी पूलमध्ये सोडणाऱ्याला गाव आणि प्रशासन दोन्ही गप्प बसू देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. दर काही वर्षांनी एक अख्खा सीझन शून्य, हे हिशोबात आधीच लिहा.

मार्ग एकच बरा वाटतो: स्वतःचं अस्तरित तळं, पावसाळ्यात ओढ्याच्या आणि छपरांच्या पाण्यावर भरलेलं, ओढ्यावरून घ्यायचं तर परवानगी काढून. वरून ६० बाय ६० मीटर, ५ मीटर खोल, बाजू १:१.५ उताराच्या, असं तळं सुमारे १३,८०० घनमीटर धरतं. डिसेंबर ते जून दीड मीटर पाणी उन्हाने जातं, ते वजा करून ९ हजार घनमीटर उरतं. रोज एक लाख लिटरने ९० दिवस. बरोबर एक सीझन. तळ्याला काठासकट एक एकराहून जास्त जागा जाईल. शेतीच्या अनुदानातून केलेलं शेततळं यासाठी वापरू नका, वसुली लागते.

बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि कठीणपणाही तपासा. कठीणपणा ५०० च्या वर असेल तर फिल्टरची वाळू गोळा होते, टाइल्सवर पांढरा थर चढतो. अशा पाण्याला कॅल्शियम हायपोक्लोराइट नको, सोडियम हायपो घ्या. तो ४२ अंशांत पत्र्याच्या शेडखाली ठेवला तर ताकद घालवतो. सावलीत, आठवड्यापुरताच साठा. क्लोरीनच्या गोळ्यांवर वर्षभर चालवाल तर सायन्युरिक आम्ल साचतं, चाचणीत क्लोरीन दिसतं पण जंतू मरत नाहीत, आणि ते कमी करायला पाणीच फेकावं लागतं. जे आपल्याकडं नाही.

उदगीरवाला

सगळ्यांचे आभार. दोन दिवसांत मिळालेली माहिती: बँक नागरी सहकारी आहे. ताबा प्रतीकात्मक, आत वॉचमनचं कुटुंब राहतं. दुसरा गट वर्ग २, इनामाचा, आदेशाची नक्कल अजून हातात नाही. महावितरणची थकबाकी आहे, कनेक्शन कायमचं तोडलंय. गावात असंही कळलं की आधीच्या मालकाने पार्क सुरू व्हायच्या आधीच आजीवन मेंबरशिप विकल्या होत्या, बऱ्याच जणांचे पैसे अडकलेत. याचा आमच्याशी काही संबंध येतो का?

सातबारा_वाचक

येतो. पहिल्यांदा तेच बघा. मेंबरशिपच्या नावाखाली परताव्याचं किंवा फुकट मुक्कामाचं आश्वासन देऊन पैसे घेतले असतील आणि तक्रार झाली असेल तर एमपीआयडी (ठेवीदारांच्या हितरक्षणाचा) कायदा, १९९९ लागू शकतो. त्यात शासन अधिसूचना काढून मालमत्ता जप्त करतं. बँकेचा बोजा आधीचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जप्तीला सरफेसीच्या तारणापेक्षा वरचढ धरलं आहे. आर्थिक गुन्हे शाखेत गुन्हा आहे का, जिल्हाधिकारी कार्यालयात सक्षम प्राधिकारी नेमलाय का, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तशी नोंद आहे का, या तीन ठिकाणी विचारा. गुन्हा नसला तरी मेंबर लोक उद्घाटनाच्या दिवशी गेटवर येतील. पहिल्या दोन सीझनला त्यांना सवलतीचं तिकीट देण्याचा खर्च धरून ठेवा, भांडणापेक्षा स्वस्त पडतो.

नागरी सहकारी बँकेला सरफेसी वापरता येतो, २०२० पासून त्यात वाद उरला नाही. पतसंस्था असती तर मार्ग वेगळा: सहकार कायद्याचा कलम १०१ चा वसुली दाखला, मग नियम १०७ ची विक्री, तिथं आधी १५ टक्के भरायचे. नोटिशीचं शीर्षक एकदा नीट वाचा.

विजेची थकबाकी: राज्याच्या पुरवठा संहितेप्रमाणे नव्या मालकाकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकीत रकमेपर्यंत मागता येते. स्थानिक कार्यालय आधी पूर्ण रक्कम मागेल. लेखी मागा, मग नियम दाखवा. तुमचा भार २५० एचपीच्या आसपास जाईल. ट्रान्सफॉर्मर, केबल, मीटरिंग सगळं नव्याने. चोरीला गेलेल्या वस्तूंची यादी बँकेच्या मूल्यांकनाशी ताडून बघा, जुन्या मूल्यांकनात ट्रान्सफॉर्मर अजून उभा असतो.

हिशोबनीस

बोलीचा आकडा विचारला होता, कोणीच दिला नाही, म्हणून पद्धत लिहितो.

प्रकल्प अहवालात साधारण असं असतं: रोज ८००, ९० दिवस, ७२ हजार माणसं. खरं गणित: मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत १३ आठवडे, म्हणजे शनिवार-रविवार २६. त्या दिवशी ८०० धरा. उरलेल्या ६५ दिवसांची सरासरी २०० च्या वर धरू नका. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा असतात, मे बरा जातो, लग्नतिथी दाट असली की गर्दी हॉलकडे. एकूण ३३,८००. अहवालाच्या निम्म्याहून कमी. शाळांच्या सहली हिवाळ्यात येतात, पण त्यांचा दर निम्मा असतो आणि पूल कोणी मागत नाही.

कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने. आधीच्या मालकांची गाडी बहुधा इथंच रुतते. मार्चचं उद्घाटन जुलैवर गेलं की फक्त चार महिन्यांचा उशीर दिसतो, पण उत्पन्नाचं अख्खं वर्ष जातं, आणि हप्त्याची सवलत तोवर संपलेली असते.

तेव्हा खालून वर या. एनए चार एकरांचा आजूबाजूचा प्रत्यक्ष व्यवहाराचा भाव, रेडीरेकनर (सरकारी दर) नव्हे. शेतीचे साडेपाच एकर शेतीच्याच भावाने, वर्ग २ चा नजराणा वजा करून. बादलीच्या चाचणीत टिकलेला पूल आणि चांगल्या स्थितीतल्या खोल्या आजच्या बांधकाम खर्चाच्या निम्म्याने. स्लाइड भंगाराने. यातून वीज थकबाकी, ग्रामपंचायत कर, मुद्रांक आणि ताबा मिळेपर्यंत एका वर्षाचं व्याज वजा. जो आकडा येईल तो राखीव किमतीच्या खाली असेल तर बोली लावू नका. दोनदा कोणी आलं नाही, चौथ्यांदा किंमत आणखी उतरू शकते; नव्या नोटिशीला १५ दिवस मिळतात, तेवढ्यात खासऱ्याची नक्कलही हाती येईल.

घेतलाच तर बँक्वेट आणि लेझी रिव्हर विसरा. लेझी रिव्हरचा खड्डा खोल करून त्यातच तळं होतंय का, पाणलोट भाऊंना विचारा.

पाणलोट

अर्धवट खड्डा लांब आणि अरुंद असणार, त्यात काठाची लांबी आणि अस्तराचा कागद जास्त, पाणी कमी. चौकोनीच खोदा. निघालेल्या मुरमाने तो खड्डा बुजवा, काळी माती भरू नका, शेजारच्या पूलच्या भिंतीवर दाब येईल. आणि वर्ग २ च्या आदेशाची नक्कल येईपर्यंत अनामत भरू नका.